साफ करून आणलेला लॅपटॉप परत तापतोय? आधी सांगा, किती दिवस नीट चालला

सांगलीत माझ्याकडे दुरुस्तीला येणारे बरेचसे जुने लॅपटॉप आधी कुठंतरी साफ करून झालेले असतात. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "सर्व्हिसिंग करून महिना नाही झाला ओ, परत तापायलाय. आता बोर्डच गेला म्हणायचा का?" बोर्ड सहसा गेलेला नसतो. मी एवढंच विचारतो की सर्व्हिसिंगनंतर किती दिवस नीट चालला? एकही दिवस नाही, पंधरा-वीस दिवस, तीन-चार महिने, की फक्त उन्हाळ्यातच बिघडतो? या प्रत्येक उत्तरामागचं कारण वेगळं आणि इलाजही वेगळा. हे न विचारता परत ब्लोअर मारला, की परत तेवढेच दिवस बरे जातात आणि पैसे पाण्यात जातात.

हे लिहितोय ते पाच ते बारा वर्षं जुन्या मशीनबद्दल. दुकानाची बिलं, पोरांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, सातबारा काढणं अशी कामं या मशीनवर रोज चालतात आणि नवीन घ्यायची ऐपत प्रत्येकाची नसते. नीट लक्ष दिलं तर यातली बहुतेक मशीन अजून काही वर्षं चांगली चालतात, हे मी रोज बघतो.

हात लावून नको, आकडा बघून ठरवा

खालून चटका बसतो म्हणजे लॅपटॉप बिघडला, असं नाही. धातूच्या बॉडीचा चांगला लॅपटॉपही हाताला गरम लागतो आणि जाड प्लॅस्टिकचा लॅपटॉप आतून शिजत असला तरी वरून थंड लागतो. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेंप यांपैकी एखादं फुकटचं सॉफ्टवेअर टाका. लिनक्स असेल तर सेन्सर्स ही कमांड पुरते. मशीन सुरू करून दहा मिनिटं काही न करता ठेवा आणि आकडा लिहा. मग पंधरा मिनिटं नेहमीचं काम करा आणि परत आकडा लिहा. सोबत खोलीचं तापमानही लिहून ठेवा, नाहीतर जानेवारीतल्या आकड्याची मे महिन्यातल्या आकड्याशी तुलना होते आणि भलताच निष्कर्ष निघतो.

इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० किंवा १०५ अंश असते. एएमडीची मॉडेलप्रमाणे बदलते. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, त्यालाच आपण "हँग मारतोय" म्हणतो. तरीही आवरलं नाही तर मशीन फटकन बंद होतं. आपल्याकडच्या हवेत जुन्या मशीनला रिकामं असताना ४५ ते ६० आणि कामात ७० ते ८५ अंश असतील तर काळजीचं कारण नाही. आकडा ९५ च्या वर जाऊन तिथंच चिकटून बसत असेल, तर पुढचं वाचा.

आकड्यापेक्षा आकडा चढतो कसा, ते जास्त सांगून जातं. एखादं जड काम सुरू करा आणि नजर स्क्रीनवर ठेवा. ५० वरून पाच-दहा सेकंदांत ९५ झाले, आणि काम थांबवल्यावर दोन-तीन सेकंदांत परत ६० वर आले, तर चिपमधली उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे ती ओढून घेणाऱ्या धातूच्या भागापर्यंत, पोचतच नाही. पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला लेप), स्क्रू किंवा हीटसिंकची बैठक यात दोष आहे. तेच तापमान आठ-दहा मिनिटं हळूहळू चढत गेलं आणि उतरायलाही तेवढाच वेळ लागला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत येते पण बाहेर पडत नाही. मग पंख्यासमोरची जाळी तुंबली असेल, पंखा मंदावला असेल किंवा मशीन ठेवलंय ती जागाच चुकीची असेल. एवढी एक परीक्षा घरी केलीत तर दुकानात काय सांगायचं ते तुम्हाला पक्कं ठाऊक असेल.

आणि मशीन हळू चालतंय पण आकडा ५५-६० च्या पुढे जात नाही, असं असेल तर दोष तापण्यात नाहीच. बॅटरी मेलेली असली किंवा बाजारातला डुप्लिकेट चार्जर लावलेला असला की काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखत नाहीत आणि प्रोसेसरला मुद्दाम सगळ्यात कमी वेगावर धरून ठेवतात. अशी मशीनसुद्धा "तापून हळू झालीय" म्हणून साफ केली जातात, आणि अर्थातच फरक पडत नाही.

मशीन मध्येच बंद पडत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडा. कर्नल-पॉवर ४१ चा अर्थ फक्त "अचानक बंद झालं" एवढाच, त्यावरून उष्णतेला दोष देता येत नाही. ८६ क्रमांकाची नोंद मात्र थेट तापमानामुळे मशीन बंद केल्याची असते. प्रोसेसर पॉवरची ३७ क्रमांकाची नोंद सांगते की फर्मवेअरनं, म्हणजे मशीनमधल्या कायमच्या प्रोग्रामनं, वेग दाबून ठेवलाय. यातली कुठलीच नोंद नसेल तर मशीन सुरू करून थेट बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) स्क्रीनवर वीस मिनिटं सोडून द्या. तिथंही बंद पडलं तर विंडोजचा संबंध नाही, फॉरमॅट मारून काही होणार नाही.

त्याच दिवशी परत तापला

दुकानातून आणला, घरी लावला, संध्याकाळी परत तेच. धूळ एका दिवसात साचत नाही. म्हणजे बसवतानाच काहीतरी राहिलंय.

अशा मशीनचा हीटसिंक मी उचलतो तेव्हा आधी काहीही पुसत नाही. पेस्टची छाप बघतो. चिपवर आणि तांब्याच्या पट्टीवर दोन्हीकडे पेस्टचा पातळ, सारखा थर उमटलेला असला तर बैठक चांगली. एका कोपऱ्यात पेस्ट जाड, तशीच्या तशी उभी राहिलेली आणि समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ कोरडी, असं दिसलं की हीटसिंक तिरका बसलाय. कारण बहुतेक वेळा एकच: स्क्रू क्रमानं आवळलेले नसतात. बहुतेक हीटसिंकवर प्रत्येक स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे बारीक आकडे कोरलेले असतात. ते आकडे शोभेचे नाहीत. क्रमानं प्रत्येक स्क्रू आधी अर्धा फिरवायचा, मग परत पहिल्यापासून पूर्ण आवळायचा. काढताना उलट्या क्रमानं. एकच स्क्रू आधी गच्च बसवला की पट्टी एका बाजूनं उचलली जाते आणि केसाएवढी फट राहते. त्या फटीतली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. बाजूची चीर गेलेली, वाकलेली पट्टी असेल तर ती सरळ करायच्या नादात हीट पाइप, म्हणजे उष्णता वाहून नेणारी नळी, दुमडू नका. पाइप दुमडला की आतली वाफ-पाण्याची ये-जा थांबते आणि तो पाइप कायमचा बाद.

दुसरं कारण म्हणजे थर्मल पॅड. प्रोसेसरवर पेस्ट असते, पण शेजारच्या मेमरी चिप आणि कॉइलवर मऊ रबरी पॅड असतात, अर्धा, एक किंवा दीड मिलिमीटर जाडीचे. फाटले म्हणून कुणी अर्ध्याच्या जागी दीडचा पॅड लावला की सगळा हीटसिंक तेवढा वर उचलला जातो आणि प्रोसेसरला टेकतच नाही. उलट पॅड काढून तिथं पेस्ट थापली तर ती पेस्ट एवढी फट भरू शकत नाही. नवीन पॅडच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. तो एका बाजूनं तसाच राहिलेली मशीनही आलीत. जुन्या पॅडची जाडी न दबलेल्या कोपऱ्यात मोजून तेवढाच नवा घ्यायचा, याला दुसरी वाट नाही.

पंख्याची वायर बोर्डवर नीट बसली नाही तर काही मशीन सुरू होतानाच फॅन एरर दाखवतात, काही मुकाट तापत राहतात. मागच्या जाळीपाशी तळहात धरला की हवा येतेय की नाही ते लगेच कळतं.

पंधरा-वीस दिवस बरा, मग परत

हा पेस्टचा दोष. माझ्या अनुभवात परत-परत तापण्याच्या तक्रारीत सगळ्यात जास्त मशीन याच प्रकारातली असतात, म्हणून यावर जरा थांबतो.

पेस्टचं काम एवढंच की चिप आणि तांबं यांच्या पृष्ठभागावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांतली हवा हटवायची. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, काचेसारखी गुळगुळीत चिप उघडीच असते. मशीन तापलं की चिप आणि तांबं दोन्ही किंचित फुगतात, थंड झालं की आखडतात. दिवसातून अनेकदा हे होतं. पेस्ट पातळ असेल तर प्रत्येक वेळी थोडी-थोडी बाहेर ढकलली जाते आणि शेवटी मधोमध उघडी चिप राहते. मोठ्या सिरिंजमधली किंवा सुट्टी डबीतली स्वस्त पांढरी पेस्ट तर आतलं तेल उडून सुकते, पुसताना तिचा चुरा निघतो. पहिल्या दिवशी हीच पेस्ट उत्तम आकडे देते, म्हणून दुकानदारही फसतो आणि गिऱ्हाईकही.

यावर दोन उपाय आहेत. चांगली, घट्ट पेस्ट वापरा, आर्क्टिक, नॉक्टुआ यांसारख्या कंपन्यांची. पण आजकाल मी जास्त तापणाऱ्या मशीनला फेज चेंज पॅड लावायला सांगतो, हनीवेलचा पीटीएम ७९५० त्यात प्रसिद्ध आहे. तो साध्या तापमानाला कागदासारखा घट्ट असतो आणि ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन सगळ्या खाचा भरतो. तो बाहेर ढकलला जात नाही, हा त्याचा मोठा गुण. लावल्यावर लगेच आकडा उतरत नाही. मशीन चार-सहा वेळा चांगलं तापून थंड झालं की मग बसतो. फक्त ऑनलाइन नकली माल भरपूर आहे, तेवढं सांभाळून घ्या. लिक्विड मेटलच्या फंदात मात्र पडू नका. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं, आणि एक थेंब बोर्डवर सांडला तर शॉर्ट होऊन खरंच बोर्ड जाईल.

जुनी पेस्ट काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, शक्यतो ९९ टक्क्यांचं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. थिनर, पेट्रोल तर अजिबात नको. सुरुवात करण्याआधी चार्जर काढायचा आणि आतल्या बॅटरीची पिन बोर्डवरून सोडवायची, हे पहिलं काम. मग मऊ कापडानं चिप आरशासारखी होईपर्यंत पुसायची. उघड्या चिपवर मधोमध ठिपका टाकून भागत नाही, कोपरे कोरडे राहतात. प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं पूर्ण चिपवर पातळ थर ओढा. जास्त झाली तर बाजूनं निघेल, त्यानं नुकसान नाही, पण कमी पडली तर कोपरा जळतो.

तीन-चार महिन्यांनी परत: ही आपल्या गावाची धूळ

धूळ सगळीकडे असते, पण सगळीकडची सारखी नसते. विट्याच्या बाजूनं यंत्रमागाच्या शेडमधून आलेल्या मशीनमध्ये कापसाचे तंतू निघतात. पिठाच्या गिरणीशेजारच्या दुकानातल्या मशीनमध्ये पांढरं पीठ, दमट हवेत त्याची खळ झालेली. गळीत हंगामात कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांच्या गच्चीवर चिपाडाची काळी राख पडते, तीच खिडकीतून टेबलावर येते. जत-आटपाडीकडून येणाऱ्या मशीनमध्ये बारीक माती.

आणि मार्केट यार्डातली हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या व्यापाराचा अभिमान आम्हा सगळ्यांना आहे. पण सौद्यांच्या दिवसांत पोती फोडली जातात, हळद ओतली जाते, पॉलिशची धूळ उडते, आणि अडत दुकानातला बिलांचा लॅपटॉप त्याच हवेत दहा तास चालू असतो. हळदीत तेल असतं, त्यामुळे ती धूळ नुसती बसत नाही, चिकटते. अशा एका दुकानातल्या दिवाणजींनी आणलेलं मशीन उघडलं तेव्हा पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ होता. पाती पुसलेली, वरची जाळी पुसलेली. पण पंख्याचं झाकण काढल्यावर, पंखा जिथं संपतो आणि तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी सुरू होते, त्या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पिवळट करड्या धुळीचा एकसंध थर उभा होता, नमद्यासारखा. चिमट्यानं एक टोक धरून ओढला तर अख्खी पट्टी निघून आली. पंखा जोरात फिरत होता, आवाजही येत होता, पण जाळीतून हवा जातच नव्हती. त्या आधी या मशीनला ब्लोअर मारून झाला होता.

ब्लोअरनं हे का होत नाही, ते समजून घ्या. बाहेरच्या जाळीतून आत हवा मारली की धूळ उलटी पंख्यात ढकलली जाते आणि पंखा सुरू झाला की तीच परत जाळीवर येऊन बसते. म्हणून सर्व्हिसिंगच्या दिवशी बरं वाटतं, थोड्या दिवसांत आहे तिथंच. शिवाय जोराच्या हवेनं पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वेगानं फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. हवा मारायची असेल तर पातं बोटानं किंवा काडीनं धरून ठेवायचं. खरी सफाई म्हणजे पंख्याचं झाकण उघडून आतला थर हातानं काढणं आणि जाळी ब्रशनं घासणं. हळदीची किंवा पिठाची चिकट धूळ असेल तर हीटसिंक पूर्ण सुटा करून, जुनी पेस्ट आणि पॅड काढल्यावर, अल्कोहोलनं धुवून पूर्ण वाळवायचा. दुकानात देताना "पंखा साफ करा" असं मोघम सांगू नका. पंख्याचं झाकण काढून पंखा आणि जाळी यांच्यामधली जागा साफ करा, असं सांगा, आणि निघालेला थर दाखवायला सांगा.

जाळीवर कापड किंवा मोज्याचा तुकडा लावायची युक्ती बरेच जण सांगतात. लावू नका. हवाच कमी होते आणि ते कापड आठवड्यातून दोनदा धुणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यापेक्षा मशीन वजनकाट्यापासून आणि पोती फोडण्याच्या जागेपासून दूर, काउंटरपासून वीतभर उंच ठेवा आणि बंद केल्यावर झाकून ठेवा. चालू असताना झाकायचं नाही, हेही सांगायला लागतं. यार्डातल्या मशीनला सौद्यांचा मोसम सुरू होण्याआधी एकदा आणि मोसम ओसरल्यावर एकदा उघडून साफ करायचं वेळापत्रक मी सांगतो. घरातल्या मशीनला वर्षातून एकदा पुरतं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आलेली काही मशीन मला वेगळी सांगायला हवीत. पाण्यात बुडाली नव्हती, वरच्या मजल्यावर होती, पण महिनाभर ओलसर बंद घरात राहिली. त्यांच्या हीटसिंकची पाती हिरवी-काळी पडली होती आणि पंख्याच्या बेअरिंगला गंज धरला होता. अशा वेळी सफाईत वेळ घालवू नये, पंखा आणि हीटसिंक दोन्ही बदलावेत.

पंखाच गेला असेल तर ते ओळखणं सोपं आहे. घरघर, खरखर, किंवा सुरू व्हायला हातानं ढकलावं लागणं. बेअरिंगमध्ये तेल घालून आठ-पंधरा दिवस निघतात, पुढं तेच तेल धूळ धरतं. नवा पंखा घेताना जुन्यावर छापलेला पार्ट नंबर, व्होल्ट आणि पिनांची संख्या जुळवून घ्या. लॅपटॉपचं मॉडेल तेच असलं तरी ग्राफिक्स कार्डवाल्या आणि बिनग्राफिक्सच्या मशीनचे पंखे वेगळे असतात.

फक्त उन्हाळ्यात

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ३८-४० ला जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. खोली जेवढी तापते, जवळजवळ तेवढाच प्रोसेसरचा आकडाही वाढतो. हिवाळ्यात कामात ८० वर चालणारं मशीन मे महिन्यात ९५ ला टेकणार, यात बिघाड काही नाही. गादीवर, उशीवर, मांडीवर घेऊन बसू नका, खालच्या हवेच्या भेगा बंद होतात. मागची बाजू दोन बोटं उचलून खाली पुस्तकं नव्हे, दोन ठोकळे लावा म्हणजे मधून हवा खेळेल. कूलिंग पॅड घेण्याआधी मशीन उलटं करून बघा. हवा आत घ्यायच्या भेगा खालच्या बाजूला असतील तर पॅडनं काही अंशांचा फरक पडतो, नसतील तर पैसे वाया.

साफसफाईनं काहीच फरक पडला नाही

मग उष्णता बाहेर पडण्यात अडचण नाही, ती गरजेपेक्षा जास्त तयार होतेय. टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून कोण किती खातंय ते बघा.

फॉरमॅट मारल्यानंतर तापायला लागलेल्या मशीनमध्ये मी आधी डिस्प्ले ड्रायव्हर बघतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर असं दिसलं, तर ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसरच ओढतोय. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, त्यानंतर बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ जबरदस्तीनं बसवलेलं दिसतं. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या जवळजवळ सगळ्या मशीनला ते अधिकृतपणे चालत नाही आणि तिथं ड्रायव्हरची ही अडचण नेहमी येते. नव्या विंडोजनंतर पहिले एक-दोन दिवस अपडेट आणि फाइलींची सूची बनवण्यात पंखा पळत राहतो, तेवढं चालायचंच.

नुसता यूट्यूब लावला की तापतो, ही पोरांच्या अभ्यासाच्या मशीनची नेहमीची तक्रार. यूट्यूब आता व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीत पाठवतं. इंटेलमध्ये व्हीपी९ नीट उलगडणारं हार्डवेअर सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ चं अकराव्या पिढीपासून आलं. त्याआधीच्या मशीनमध्ये ते सगळं प्रोसेसर स्वतःच्या बळावर उलगडतो आणि तापतो. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब जुन्या एच.२६४ पद्धतीतला व्हिडिओ देतं, आणि तो उलगडायचं हार्डवेअर जुन्या मशीनमध्येही असतं. चौथ्या-पाचव्या पिढीच्या मशीनमध्ये याचा फरक पंख्याच्या आवाजावरूनच कळतो.

मशीन रिकामं असताना पंखा जोरात आणि टास्क मॅनेजर उघडल्या-उघडल्या शांत, असं होत असेल तर सावध व्हा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर कॉइन मायनर, म्हणजे तुमच्या मशीनवर गुपचूप दुसऱ्यासाठी डिजिटल नाणी कमावणारे प्रोग्राम, येतात आणि त्यातले काही टास्क मॅनेजर दिसला की काम थांबवून लपतात. विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. दोन-दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात.

आणि एक सेटिंग, जी मी जवळजवळ प्रत्येक जुन्या मशीनला करून देतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० असतं, ते ९९ करा. एका टक्क्यानं काय होणार असं वाटेल, पण ९९ केलं की टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. बिलिंग, वर्ड, ब्राउझर यांत वेग कमी झाल्याचं बहुतेकांना जाणवतही नाही, आणि आकडा दहा-पंधरा अंशांनी उतरलेला मी अनेक मशीनमध्ये पाहिलाय. तिथंच सिस्टम कूलिंग पॉलिसी ॲक्टिव्ह आहे ना तेही बघा. पॅसिव्ह असेल तर विंडोज पंखा वाढवण्याआधी प्रोसेसरच हळू करतं.

हे दिसलं तर थांबा

टचपॅड वर आलंय, क्लिक होत नाही, खालचं झाकण फुगलंय, मशीन टेबलावर डुगडुगतं: बॅटरी फुगलीय. लगेच बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. बॅटरी दाबून बसवायचा, टोचून हवा काढायचा प्रयत्न करू नका, पेट घेईल. उष्णतेनं बॅटरी लवकर म्हातारी होते, म्हणून सतत ९० च्या वर चालणाऱ्या मशीनमध्ये हे व्हायची शक्यता जास्त. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

दुसरं, स्क्रीनवर रेघा येत असतील आणि कुणी ग्राफिक्स चिपला हीट मारून देतो म्हणत असेल, तर देऊ नका. हीट गननं तात्पुरता जोड लागतो आणि काही आठवड्यांत परत तुटतो. पुढच्या वेळी चिपबरोबर आजूबाजूचे भागही जातात. ग्राफिक्स वेगळं असलेल्या काही मशीनमध्ये बायोसमधून ते बंद करून प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम भागतं. ते होत नसेल तर डेटा काढून घ्या आणि त्या मशीनवरचा खर्च तिथंच थांबवा.

मशीन दुरुस्तीहून घेताना पैसे देण्याआधी दुकानातच पंधरा मिनिटं चालवायला लावा. रिकामं असतानाचा आकडा, कामातला आकडा, त्या दिवशीचं खोलीचं तापमान आणि कुठली पेस्ट किंवा पॅड लावला त्याचं नाव बिलावर लिहून घ्या. सहा महिन्यांनी परत तापलं तर तो कागद घेऊन या. तो हातात असला की कुठून सुरुवात करायची ते मला मशीन उघडायच्या आधीच सांगता येतं.